कथात्मक संवादातील लांबवलेले स्वर आणि अवग्रहचिन्ह : मंगळवेढा परिसराच्या संदर्भात

कथा-कादंबरीतील संवाद डोळ्यांनी वाचला जात असला, तरी तो कानाला ऐकू यावा अशी अपेक्षा असते. स्वर कोठे व किती लांबला, यावरून हाक, शंका आणि विनवणी यांतील भेद कळतो. मराठी लेखनात हे लांबवणे प्रामुख्याने अवग्रहाने (ऽ) दर्शविले जाते.

संस्कृतात हे चिन्ह 'सोऽहम्' सारख्या रूपांत लोप पावलेला अकार सुचविते. लांबवलेल्या स्वराला तेथे 'प्लुत' ही वेगळी संज्ञा असून दुरून मारलेल्या हाकेतील प्लुताची नोंद पाणिनीने केली आहे. मराठीने अवग्रहाला लोपाऐवजी लांबणीचे काम दिले. त्याचे कारण लेखनपद्धतीत आहे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनुसार मराठी शब्दातील अंत्य इकार-उकार सामान्यतः दीर्घच लिहिला जातो. दीर्घ वेलांटी शुद्धलेखनात खर्ची पडल्यामुळे भावना दाखविण्यास निराळे चिन्ह लागते.

मंगळवेढ्याच्या जोंधळ्याच्या रानातून मारलेली 'तुकाऽऽ' ही हाक अंत्य स्वर लांबविते. 'व्हय' हा होकार असतो, 'व्हऽय?' मध्ये अविश्वास डोकावतो. 'नगं' हा नकार, तर 'नऽगं' ही काकुळती. म्हणजे चिन्हाच्या संख्येइतकेच त्याचे स्थानही अर्थ घडविते.

तालुक्याच्या कर्नाटक-सीमेवर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व व दीर्घ 'ए' यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. ऱ्हस्व 'ए' असलेला 'केरे' म्हणजे तळे. दीर्घ 'ए' असलेला 'केरे' म्हणजे धामण. मराठी देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. येथे लांबी शब्दार्थाची आहे, भावनेची नव्हे. तेथे अवग्रह घातल्यास पात्र हेल काढून बोलते, असा गैरसमज होईल.

खरी उणीव मात्र चिन्हाच्या पक्षपाती वापरात आहे. अनेक ग्रामीण कथांत शेतकऱ्याच्या प्रत्येक वाक्यात अवग्रह विखुरलेले असतात. मामलेदार वा मास्तर मात्र प्रमाण लेखनातच बोलतात. वस्तुतः शिक्षित माणूसही 'असंऽ?' म्हणताना स्वर लांबवितोच. अशा लेखनात अवग्रह उच्चाराची खूण न राहता अडाणीपणाची खूण बनतो आणि वाचकाचे हसू पात्राच्या वागण्याऐवजी त्याच्या बोलीवर पडते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनात ही लांबी प्रत्यक्ष आवाज पुरवीत असे. छापील पानावर ती जबाबदारी लेखकाची असते. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांच्या बोलण्याला वजन येते ते मुख्यतः शब्दकळा आणि वाक्यरचना यांमुळे.

तात्पर्य, बोलीचे वेगळेपण शब्द व वाक्य यांनी पेलावे. अवग्रह प्रसंगातील अंतर, संशय वा आर्जव यांसाठी राखावा. तो मजुराला लावताना मामलेदारालाही लावला जातो की नाही, ही लेखकाच्या कानाची आणि त्याच्या समदृष्टीचीही कसोटी होय.