कागदावर न उतरलेलें ज्ञान : एक परीक्षण

शास्त्रज्ञ एकमेकांचें ज्ञान कोठून व कसें मिळवितात, ह्या प्रश्नावर हॅरी कॉलिन्स ह्यांनीं १९७४ सालीं ‘सायन्स स्टडीज’ ह्या नियतकालिकांत लिहिलेला निबंध जुन्या कागदपत्रांच्या संशोधकांनींहि वाचण्यासारखा आहे. विषय दिसावयास लहान. कॅनडांतील संरक्षणखात्याच्या प्रयोगशाळेंत कर्बद्विप्राणिद वायूवर चालणारा नव्या तऱ्हेचा लेसर तयार झाला. १९७० सालीं त्याची वार्ता प्रसिद्ध झाली व ब्रिटिश शास्त्रज्ञ तसाच लेसर बांधण्याच्या खटपटीस लागले. कॉलिन्स ह्यांनीं त्यांच्या प्रयोगशाळांतून हिंडून काढलेला निष्कर्ष असा कीं, केवळ छापील लेखांवरून तो कोणासहि चालू करतां आला नाहीं. यश आलें तें, ज्याचा लेसर चालत होता अशा कोणाशीं तरी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांसच. ज्या मध्यस्थानें स्वतः तो चालविला नव्हता, त्याच्या सांगण्याचा उपयोग झाला नाहीं.

निष्कर्ष ग्राह्य आहे. तथापि दोन आक्षेप घेणें प्राप्त आहे. न लिहिलेलें ज्ञान दोन प्रकारचें असतें : कर्त्यास स्वतःसच न उमगलेलें, आणि चढाओढीमुळें त्यानें राखून ठेवलेलें. विचारल्यास उत्तर द्यावें, आपण होऊन सांगूं नये, ही वागणूक कॉलिन्स ह्यांस दिसली होती. परंतु ह्या दोहोंची वाटणी निबंधांत पुरती झालेली नाहीं. २००१ सालच्या, नीलमण्याच्या मोजमापावरील लेखांत त्यांनीं स्वतःच अव्यक्त ज्ञानाचे पांच प्रकार मानून लपविलेलें ज्ञान निराळें काढलें. दुसरें, बोलणाऱ्यांचीं नांवें दिलेलीं नसल्यानें मागून येणाऱ्यास त्यांची साक्ष पडताळतां येत नाहीं.

आपल्याकडेहि हा प्रश्न नवा नाहीं. खानदेशांतील पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. ग्रंथ हाताशीं होते, तरी शिकविणाऱ्याची गरज उरलीच.

तेव्हां पोथींतील एखादी कृति अपुरी दिसली, एवढ्यावरून लेखकास अज्ञ ठरविण्याची घाई करूं नये. उरलेलें गुरूच्या तोंडीं असेल, किंवा मुद्दाम गाळलेलें असेल. म्हणूनच समासांतील टीपा, हिशेबाचीं चिटोरीं व खासगी पत्रें संग्राहकांनीं किरकोळ म्हणून टाकूं नयेत. त्या बोलण्याचा माग लागलाच तर तेथेंच लागेल.