मनाशी संवाद की मनास आज्ञा? ‘मनोबोधा’तील संबोधनाचा विचार

मंठा हे गाव ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील जांब येथे इ. स. १६०८ मध्ये नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, यांचा जन्म झाला. माणसाने स्वतःच्या मनाकडे कसे पाहावे आणि त्यास वळण कसे लावावे, या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत परिचित विचार त्यांच्या ‘मनाचे श्लोक’ अथवा ‘मनोबोध’ या २०५ श्लोकांच्या रचनेत आढळतो. या रचनेचा अभ्यास बहुधा भक्ती आणि नीती या अंगांनी होतो. परंतु आत्मपरीक्षण आणि मार्गदर्शन यांचा परस्परसंबंध भाषेत कसा घडतो, हे पाहण्यासही ती तितकीच उपयुक्त आहे.

समर्थांच्या वाङ्मयात स्वतःविषयी बोलण्याच्या तीन रीती दिसतात. ‘करुणाष्टकां’त बोलणारा प्रथमपुरुषी असून आपले उणेपण तो रामापुढे मांडतो. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणाच्या समासात तृतीयपुरुष येतो, तेथे कोणावरही आरोप नसतो, लक्षणांत स्वतःस ओळखावयाचे की नाही हे श्रोत्यावर सोपविलेले असते. ‘मनोबोधा’त मात्र द्वितीयपुरुष प्रधान आहे. ‘मना’ हे संबोधन, आज्ञार्थी क्रियापद आणि ‘नको रे’ हा निषेध ही या रचनेची व्याकरणिक चौकट होय. चार यगणांचे, बारा अक्षरी भुजंगप्रयात वृत्त या आज्ञांना ठेका देते आणि त्या मुखोद्गत होतात.

या आज्ञा कोणाच्या? रामदासी शिष्यांनी भिक्षेच्या वेळी दारोदार म्हणावयासाठी हे श्लोक रचले गेले, असे परंपरा सांगते. ही परंपरा ग्राह्य धरली तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. म्हणणारा आपल्या मनास उद्देशून बोलतो आणि दारातील गृहस्थ ते ऐकतो. उपदेश त्याला उद्देशून नसल्याने त्याचा मान दुखावत नाही. आणि तोच श्लोक पुढे त्याच्या मुखी आला की गुरूची आज्ञा त्याचा स्वतःचा निश्चय होते. बाहेरून आलेली प्रेरणा अंतरंगाची व्हावी, ही प्रत्येक मार्गदर्शकाची आकांक्षा असते. ‘मनोबोधा’ने ती केवळ संबोधनाच्या योजनेने साधली आहे. या रचनेचे सामर्थ्य मुख्यतः येथेच आहे.

तिची मर्यादाही याच योजनेत आहे. अकराव्या श्लोकात, सर्व बाजूंनी सुखी असा जगात कोण आहे, असा प्रश्न येतो आणि त्याचा शोध मनानेच घ्यावा असे सांगितले जाते. आज्ञेची जागा येथे क्षणभर चौकशी घेते. परंतु उत्तर शोधण्यास मनाला अवकाश मिळत नाही. श्लोकाच्या उत्तरार्धातच, भोग हा पूर्वसंचिताचा परिणाम, असा निर्णय येतो. येथील व्याकरण लक्षणीय आहे. पूर्वार्धातील ‘तूं’ला आणि उत्तरार्धातील ‘त्वां’ला एकच ‘चि’ हे अव्यय जोडलेले आहे. पहिल्या ठिकाणी मन प्रथमा विभक्तीत असून शोध घेणारा कर्ता आहे. दुसऱ्या ठिकाणी कर्मणि प्रयोगात, तृतीयेत, ते संचिताचे उत्तरदायी ठरते. अखेरीस ‘भोगणे’ हेच वाक्याचा कर्ता होते आणि मन वाक्यातून नाहीसे होते. ज्यास शोधक म्हणून बोलाविले, त्यासच श्लोक संपेपर्यंत अपराधी ठरविले जाते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्याचे शेत करपले, त्याच्या दुःखास त्याचे मन कारण नव्हते. त्याच्या मनास स्वस्थता हवी होती हे खरे. पण दोष स्वीकारणे हे त्या स्वस्थतेचे मोल असावे काय? समर्थांना बाह्य कारणांचे भान नव्हते असे मुळीच नाही. ‘परचक्रनिरूपणा’त लोकांच्या दैन्याचे वर्णन करताना त्यांनी ते दैन्य लोकांच्या मनाचे मानलेले नाही. ‘मनोबोधा’च्या संबोधनात मात्र तो विचार मावत नाही, कारण तेथे श्रोता एकच आहे आणि म्हणून उत्तरदायीही एकच.

विसाव्या शतकात कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात समुपदेशनाची जी पद्धती मांडली, तीत मार्गदर्शक आज्ञा देत नाही. तो ऐकतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचा अर्थ सापडू देतो. ही कसोटी सतराव्या शतकातील भक्तिरचनेस जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल. तथापि तिच्यामुळे एक उणीव स्पष्ट होते: ‘मनोबोधा’त मनाला बोलाविले जाते, समजाविले जाते, दटाविले जाते, पण मन स्वतः कधी बोलत नाही.

म्हणून ‘मनोबोध’ एकटा वाचू नये. ‘करुणाष्टकां’त जे मन बोलते, मूर्खलक्षणांत जे स्वतःस निरखते आणि ‘मनोबोधा’त जे ऐकते, ते एकच आहे. निश्चयासाठी आज्ञा उपयोगी पडते. परंतु आत्मपरीक्षणास आरंभ व्हावयाचा तर आधी मनाला बोलू द्यावे लागते. समर्थांच्या वाङ्मयात या दोहोंसही जागा आहे. ‘मनोबोध’ तेवढा पाठ करून उरलेले बाजूस ठेवणाऱ्या अध्यापनाने ती जागा निम्मी केली आहे.