धारेभोवतीची मोकळी जागा

घरी केलेल्या लाकडी म्यानाचं कौतुक बहुधा लाकडाच्या रेषांपाशी सुरू होतं आणि पॉलिशपाशी संपतं. माझ्या एका मित्राने स्वयंपाकाच्या सुरीसाठी केलेलं म्यान मात्र आतून वाचावं असं आहे. बाहेरून ते अगदी साधं दिसतं. त्यावर नक्षी नाही की चकाकी नाही, फक्त दोन ठिकाणी बोटाला जेमतेम कळतील अशा गोल लाकडी चकत्या बसवलेल्या आहेत. त्या चकत्यांखाली एकेक लोहचुंबक आहे. या वस्तूतलं सगळं सौंदर्य त्या दोन जागांच्या निवडीत आहे.

अशा म्यानाची परंपरा जपानची. तिथे त्याला ‘साया’ म्हणतात आणि ते होनोकीच्या लाकडाचं करतात. होनोकी म्हणजे मॅग्नोलिया, आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद. त्याचं लाकूड मऊ आणि एकसारख्या पोताचं असतं, त्यामुळे पोलादाला ओरखडे पडत नाहीत. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडात साधं कार्बन पोलाद ओलाव्याने लवकर डागाळतं. चामड्याच्या म्यानात सुरी महिनोन् महिने ठेवू नये, त्याचंही एक कारण हेच. जुन्या पद्धतीत सुरी निसटू नये म्हणून साया आरपार भोकून आडवी लाकडी खुंटी घालतात. खुंटी सुरीला बाहेर पडू देत नाही, पण आत ती थोडी हलत राहतेच. हललेलं पातं भिंतीला घासतं, आणि घासते ती धार.

माझ्या मित्राने नेमका हाच प्रश्न हातात घेतला. त्याची सुरी सांतोकू जातीची आहे, साडेसोळा सेंटिमीटर पात्याची. म्यान तीन थरांचं आहे. बाहेरच्या दोन फळ्या पाच-पाच मिलिमीटर जाड आहेत आणि मधली फळी पात्याच्या पाठीपेक्षा कणभर जाड. मधल्या फळीतून पात्याचा आकार कोरून काढला आहे. पाठीकडे तो पात्याला लगटून आहे, तर धारेकडे मुद्दाम सैल ठेवला आहे.

आता पहिला चुंबक पाहू. तो म्यानाच्या तोंडाजवळ, पाठीच्या बाजूला आहे आणि त्याचा थोडा भाग पाठीच्या रेषेबाहेर जातो. वरवर पाहता ही मोजमापातली चूक वाटेल. पण चुंबकासमोर पोलादाची कड आली की पोलाद चुंबकाला पूर्ण झाकायला धावतं. म्हणून पातं भिंतीला चिकटतंच, शिवाय पाठीच्या दिशेने वरही ओढलं जातं. पाठ मधल्या फळीला टेकते आणि धारेखाली मोकळी जागा उरते. दोन ओढी, दोन दिशा, आणि त्यासाठी चुंबक एकच!

दुसरा चुंबक लहान आहे. सांतोकूची पाठ टोकाकडे जिथे उतरते, त्या उताराच्या जरा पुढे तो बसवला आहे. सुरी आत सरकवताना शेवटच्या सेंटिमीटरभर अंतरात हात सैल सोडला तरी ती आपणहून पुढे जाते आणि ‘टक’ असा आवाज होतो. सुरी पूर्ण आत गेल्याची खूण बघावी लागत नाही, ती ऐकू येते.

सुरी काढताना या रचनेची आणखी एक बाजू कळते. चुंबक पात्याला भिंतीकडे खेचतो आणि हात सुरी ओढतो तो भिंतीच्या समांतर, म्हणजे काटकोनात. हाताला झगडावं लागतं ते मुख्यतः घर्षणाशी, आणि ते चुंबकाच्या पूर्ण जोरापेक्षा बरंच कमी भरतं. त्यामुळे म्यान उलटं धरून हलवलं तरी सुरी जागची हलत नाही, पण मनगटाच्या साध्या हालचालीने सहज बाहेर येते.

सगळ्यात बारीक काम मात्र चुंबक असलेल्या भिंतीवर आहे. पात्याचा छेद पाचरीसारखा असतो. असं पातं एका बाजूने भिंतीला चिकटलं की धारही भिंतीला टेकायला येते. म्हणून त्या फळीवर धारेच्या रेषेखाली पटाशीने अर्धा मिलिमीटर खोल चर काढला आहे. पाठ टेकलेली, गाल टेकलेला, धार मात्र कशालाच लागत नाही. चुंबक बसवणारे पुष्कळ भेटतील. त्या चुंबकाने होणारा नवा त्रास ओळखून हा चर काढणारा विरळा.

चुंबक निओडिमियमचे आहेत. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा हा मिश्रधातू 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक यांनी स्वतंत्रपणे शोधला. दहा मिलिमीटर व्यासाची चकती थेट पोलादावर घट्ट बसते, पण मध्ये एक मिलिमीटर लाकूड आलं की ओढ साधारण निम्म्यावर येते आणि तीन मिलिमीटरला नावापुरतीच उरते. म्हणून इथे सपाट तळाच्या ड्रिलने बाहेरून भोक पाडून पात्याकडे बरोबर एक मिलिमीटर लाकूड राखलं आहे. ते काढून टाकलं असतं तर पोलाद चुंबकावर घासलं असतं; जास्त ठेवलं असतं तर पकड गेली असती.

मर्यादा आहेत, आणि त्या सामग्रीतून येतात. साधा निओडिमियम 80 अंश सेल्सिअसच्या वर कायमचा कमजोर होऊ शकतो आणि निकेलचा मुलामा गेला की गंजतो. म्हणून हे म्यान उकळत्या पाण्यात घालायचं नाही, आणि सुरीही पुसून कोरडी करूनच आत ठेवायची. सिरॅमिकच्या सुरीला त्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय चुंबक सुरी धरून ठेवतो, कुलूप लावत नाही. प्रवासाच्या पिशवीत किंवा लहान मुलांच्या घरात जुनी खुंटीच हवी. चुंबक सुटून मुलाच्या पोटात जाणं तर फार धोक्याचं, म्हणून तो एपॉक्सीने पक्का बसवून वरून लाकडाने बंद करण्यात हयगय नको.

एवढं सांगूनही माझं मत ठाम आहे. नक्षीदार म्यानं मी आवडीने पाहिली आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांमध्ये कारागिराचं लक्ष पाहणाऱ्याकडे असतं. इथे ते पूर्णपणे धारेकडे आहे. चुंबकाची जागा, लाकडाची जाडी, तो चर, हे तिन्ही निर्णय एकाच काळजीतून आले आहेत, म्हणून त्यांतला एकही काढून टाकता येत नाही. घरी म्यान करायला बसणाऱ्याने लाकूड निवडण्याआधी सुरी कागदावर ठेवावी, तिची पाठ आणि धार आखावी, आणि चुंबक कुठे बसेल ते आधी ठरवावं. बाकीचं म्यान त्या जागेभोवती आपोआप आकार घेतं.