चॅटर्लेबाई आणि श्यामा

१९६२ साली मी तेरा वर्षांचा होतो, आणि गावच्या वाचनालयातून आत्यासाठी दिवाळी अंक आणणे-पोचवणे हे माझे काम होते. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असे. अंक दोन दिवसांत परत करावा लागे, कारण त्याच्या मागे आणखी पंधरा-वीस घरे ताटकळत बसलेली असत. बहुतेक अंक मी वाटेतच, मारुतीच्या पारावर बसून, चाळून काढीत असे. पण काही अंक ग्रंथपाल वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळीची गाठ मारून देत. "हा थेट आत्याबाईंच्या हातात द्यायचा," एवढेच सांगत. सुतळी सोडणे मला जमले असते. पण त्यांच्यासारखी गाठ पुन्हा मारणे जमले नसते, आणि हे त्यांना चांगले ठाऊक होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी अश्लीलतेच्या खटल्यांचे निकाल वाचण्याचा मला नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की देशोदेशीच्या न्यायमूर्तींना ज्याच्या नीतीची काळजी लागून राहिली होती, तो पारावरचा मुलगा मीच. पुस्तक कुणाच्या हाती पडेल, या एका प्रश्नाभोवती हे सारे न्यायशास्त्र फिरत आले आहे. १८६८ साली इंग्लंडच्या न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली ती हीच : ज्यांची मने अशा अनीतीला वश होण्याजोगी आहेत, अशांच्या हाती पुस्तक पडले तर ती बिघडतील काय? गंमत अशी, की ज्या हिकलिन खटल्यात ही कसोटी जन्मली त्यात कादंबरीचा किंवा कवितेचा काही संबंध नव्हता. कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर तुटून पडणारी ती एक प्रचारपुस्तिका होती. धर्मवादासाठी शिवलेला हा अंगरखा पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या वाङ्मयाला घातला गेला.

एकाच पुस्तकाला निरनिराळ्या समाजांनी कसे वागवले, हे पाहण्यासाठी लॉरेन्सच्या चॅटर्लेबाईइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये खाजगी रीतीने छापलेली ही कादंबरी १९६० साली पेंग्विनने दोन लाख प्रतींत आणि साडेतीन शिलिंगांत काढली, आणि खरी ठिणगी पडली ती या किमतीमुळे. सरकारी वकील ग्रिफिथ-जोन्स यांनी ज्यूरीला विचारले, की आपल्या पत्नीने किंवा आपल्या नोकराचाकरांनी हे पुस्तक वाचावे असे तुम्हांला वाटेल काय? या प्रश्नाला इंग्रज समाज आजतागायत हसतो आहे. तथापि त्यात त्या वकिलाने आपल्या वर्गाचे मन किती प्रांजळपणे उघडे केले, इकडे फारसे कोणी पाहत नाही. श्रीमंताच्या कपाटातले पुस्तक सुरक्षित असते. साडेतीन शिलिंगांना मिळू लागले की ते धोक्याचे होते. बचावाने पस्तीस साक्षीदार उभे केले. त्यांत ई. एम. फॉर्स्टर होते, प्राध्यापक होते, एक बिशपही होते. नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया यांच्या ज्यूरीने न्यायालयातच बसून पुस्तक वाचले आणि २ नोव्हेंबर रोजी प्रकाशकाला निर्दोष ठरवले.

त्याआधी एक वर्ष अमेरिकेत हेच पुस्तक अडवले होते ते टपालखात्याने. न्यायाधीश ब्रायन यांनी ते सोडवले. पण कादंबरीच्या गुणदोषांविषयी पोस्टमास्तरने मत बनवावे, ही कल्पना तरी त्या समाजात काही काळ सुखाने नांदली होतीच. ऑस्ट्रेलियाने आणखी पुढची मजल गाठली. तिथे कादंबरीवर बंदी होतीच. लंडनच्या खटल्याचा वृत्तान्त देणाऱ्या पुस्तकावरही बंदी आली.

जपानची हकीगत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९४७ च्या त्यांच्या राज्यघटनेत अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, सेन्सॉरशिप असणार नाही असेही स्वच्छ लिहिले आहे. १९५० साली इतो सेई या नावाजलेल्या लेखकाने केलेले चॅटर्लेबाईचे भाषांतर प्रसिद्ध झाले, प्रती झपाट्याने खपल्या, आणि भाषांतरकार व प्रकाशक दोघेही न्यायालयात उभे राहिले. १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा कायम केली. त्या निकालातला एक विचार वाचून मी थबकलो. समाजातल्या बहुसंख्यांची नीतिबुद्धी जरी बधिर झाली असली, तरी न्यायालयाने रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याची भूमिका घेऊन समाजाला अधःपातापासून वाचवले पाहिजे, असे ते म्हणते. इंग्रज वकिलाने निदान नोकरांपुरताच संशय घेतला होता. इथे सगळे राष्ट्रच खाटेवर निजवले आहे. मूळ भाषांतर काटछाट न करता वाचायला जपानी वाचकाला १९९६ साल उजाडावे लागले.

आणि आपण? मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानाचे भागीदार रणजित उदेशी यांच्यावर हेच पुस्तक विकल्याबद्दल खटला झाला. मुल्कराज आनंद यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. शिक्षा झाली वीस रुपये दंडाची. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती कायम केली, आणि जी कसोटी इंग्लंडने स्वतः १९५९ साली नवा कायदा करून सैल केली होती तीच आपण पुन्हा अंगावर चढवली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला वाङ्मयाविषयी बेपर्वा नव्हते. कला इतकी वरचढ असावी की तिच्यापुढे अश्लीलता निस्तेज व्हावी, असा तोल त्यांनी सुचवला. पण हा तोल वाचताना मला नेहमी वाटते, की तराजू धरणाऱ्याला कलेचे वजन करता आले पाहिजे ना! लॉरेन्सचे भरले नाही. मग आमच्या मासिकांतल्या कथालेखकाने काय करावे?

तो कथालेखक त्याच सुमारास न्यायालयात हेलपाटे घालीत होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा प्रसिद्ध झाली. कोणा वाचकाला ती अश्लील वाटली आणि त्याने फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने सर्वांना सोडले. उच्च न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक यांना प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला व कथा असलेले अंक नष्ट करण्याचा आदेश दिला. पंचवीस रुपयांचे कोणाला काही वाटणार नाही. परंतु सरकारी आदेशाने दिवाळी अंक नष्ट करायचे, ही गोष्ट पंचवीस रुपयांची नव्हे.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. तो निकाल मी दोन-तीनदा वाचला आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही तो वाचावा अशी माझी शिफारस आहे. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी कथेचे चक्क परीक्षण लिहिले आहे, आणि ते अनुकूल नाही! कथा उच्च प्रतीची नसेल, तिची मांडणी अपक्व आणि नीरस असेल, शरच्चंद्रांच्या प्रेमकथांची छाप तिच्यावर दिसते, असे सांगून ते म्हणतात की एवढ्याने ती अश्लील होत नाही. आणि कुमारवयीन मुलांनी असे प्रसंग वाचले म्हणून ती बिघडतीलच असे खात्रीने म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये जे वाङ्मय ठरेल ते इंग्लंडमध्ये अश्लील ठरू शकते, आणि दोन्हीकडे जे निरुपद्रवी ते आपल्याकडे आक्षेपार्ह ठरू शकते, हेही ते नमूद करतात. पण हा मुद्दा पुढे करून ते आपल्या समाजाला दुबळा ठरवीत नाहीत.

माझ्या मते या साऱ्या खटल्यांत खरा मोठा निकाल हा आहे, लंडनचा नव्हे. वाचकांना हे विधान उफराटे वाटेल. लंडनला चॅटर्लेबाई सुटली ती पस्तीस विद्वानांनी तिच्या थोरपणाची ग्वाही दिली म्हणून. थोर लेखकाला मोकळे सोडणे ही समाजाने दिलेली एक प्रकारची सरदारकी आहे. तिचा लाभ थोरांनाच. सामान्य वकुबाच्या लेखकाने सामान्य कथा लिहिली, तिच्या बाजूने साक्ष द्यायला बिशप नाही की फॉर्स्टर नाही, आणि तरीही न्यायालय म्हणते की कथा बेताची आहे, पण लिहिणाऱ्याला ती लिहू द्या. इथे स्वातंत्र्य पुरस्कार म्हणून मिळालेले नाही. र. धों. कर्व्यांच्या वेळी हे आपल्याला जमले नव्हते. 'समाजस्वास्थ्य'मध्ये त्यांनी वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना रोखठोक उत्तरे दिली. त्यांना वाङ्मयीन मूल्याचा दावा करायचा नव्हताच. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. तरीही दंड झाला.

मात्र त्याच १९६९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि वाङ्मय, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेले लेखन अश्लीलतेच्या कलमातून वगळले गेले. सर्वांनी तिचे स्वागत केले. मला ती अर्धीच आवडते. जे वाङ्मय आहे ते सुटेल, हे ठीक. पण काय वाङ्मय आहे हे ठरवण्यासाठी पुन्हा प्राध्यापक बोलवावे लागतात, आणि मराठी प्राध्यापकांचे वाङ्मय कशाला म्हणावे याविषयी एकमत झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हिकलिनची ती जुनी कसोटी एकदाची टाकून दिली आणि समकालीन समाजाची दृष्टी प्रमाण मानली. पारावरचा मुलगा अखेर सुटला म्हणायचा. पण लगेच पुढच्या वर्षी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात, रेघ दुसरीकडे सरकली. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापलेली ही कविता. प्रकाशक आणि मुद्रक यांना, क्षमायाचना झाल्यामुळे, न्यायालयाने मोकळे केले. कवीवरचा आरोप रद्द करण्यास नकार दिला. सर्वांना आदरणीय असलेल्या ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी अशी भाषा घातली, तर कसोटी अधिक कडकपणे लावली जाईल, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. म्हणजे कोण वाचतो हा प्रश्न मागे पडला, आणि कुणाविषयी लिहिले हा पुढे आला. पहिल्या प्रश्नाला मी वयाने तरी मागे टाकू शकलो. दुसऱ्यातून वयाने सुटका होण्याचा मार्ग नाही.

'श्यामा' मी आजपर्यंत वाचलेली नाही. मूळ अंकासाठी तीन-चार जुनी वाचनालये धुंडाळली. १९६२ चे इतर दिवाळी अंक बांधून ठेवलेले सापडले, तो मिळाला नाही. त्यामुळे न्यायमूर्तींचे परीक्षण योग्य की अयोग्य, हे मी सांगू शकत नाही. माझ्याकडे दुसरे एक मत मात्र आहे. १९६९ साली निकालाची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. आत्या अंगणात शेंगा सोलीत बसली होती. तिला बातमी वाचून दाखवली आणि जरा चाचरतच विचारले, की वाचली होतीस का ग ही गोष्ट?

"वाचली की," ती म्हणाली. "तूच आणला होतास तो अंक. काही नव्हतं रे त्यात. शेवटची चार पानं तर मी तशीच सोडली, परत करायचा दिवस होता म्हणून."