कोटावर फुगवटा दिसत नाही ना?

इन्स्टाग्रामवर एक फोटो तुमच्याही नजरेखालून गेला असेल. लाकडी टेबल, वरून घेतलेला अँगल. टेबलावर घड्याळ, किल्ल्या, पाकीट, बोटाएवढा टॉर्च, घडीचा चाकू आणि मधोमध एक छोटं काळं पिस्तूल. खाली यादी: मुठीवर कसली पट्टी चिकटवली, माशीला कोणता रंग दिला, चाप किती हलका केला, तेल कोणतं वापरलं. अमेरिकेत ह्याला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात, म्हणजे घराबाहेर पडताना रोज अंगावर असणाऱ्या वस्तू. फोटो देखणे असतात. सगळ्या वस्तू पुसून लख्ख केलेल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. माणूस मात्र त्यात नसतो. पिस्तूल बाळगणारा नसतो आणि ज्याच्यावर ते कधीतरी रोखलं जाईल तोही नसतो.

असा फोटो दिसला की मला जेम्स बाँड आठवतो. पडद्यावरचा नव्हे, पुस्तकातला. कारण इयान फ्लेमिंगनं हा फोटो सत्तर वर्षांपूर्वीच शब्दांत काढून ठेवला आहे. 1953 सालच्या 'कसिनो रोयाल'मध्ये जुगार खेळायला निघालेला बाँड तयार होतो तो प्रसंग पाहा. त्याच्याकडे .25 कॅलिबरचं चपटं बेरेटा आहे. त्याच्या मुठीचा नुसता सांगाडा ठेवलाय, तेवढीच जाडी कमी. तो मॅगझीन काढतो, स्लाइड मागेपुढे करतो, रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून बघतो, मग पिस्तूल भरतो आणि काखेतल्या होल्स्टरमध्ये सोडतो. रात्री उशीखाली वेगळं हत्यार असतं, नळी कापून आखूड केलेलं कोल्ट रिव्हॉल्व्हर. गंमत अशी की इतक्या निगुतीनं सजवलेल्या त्या बेरेटानं कादंबरीत कोणीही मरत नाही. बाँड पकडला जातो, त्याचे हाल होतात आणि त्याचा जीव वाचतो तो भलत्याच माणसाच्या गोळीमुळे.

फ्लेमिंगच्या ह्या तपशीलवेडाबद्दल दोन ठरलेली मतं आहेत. चाहते म्हणतात, काय अस्सल लिहितो! नाक मुरडणारे म्हणतात, हा तर ब्रँडची नावं मोजणारा लेखक. मला दोन्ही मतं अर्धी वाटतात. फ्लेमिंगकडे पिस्तुलाचे तपशील दोन जातींचे आहेत. एका जातीच्या तपशिलातून माणूस दिसतो, दुसऱ्या जातीच्या तपशिलामागे माणूस लपवला जातो. हा फरक कळला नाही तर त्याची पुस्तकंही नीट वाचता येत नाहीत आणि त्या फोटोंत काय खटकतं तेही सांगता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. बाबूराव अर्नाळकरांपासून पुढे आपल्या रहस्यकथेतलं पिस्तूल बहुधा नुसतं पिस्तूल असतं. ते खिशातून बाहेर येतं, रोखलं जातं, धूर ओकतं. त्याचा कारखाना कोणता, गोळी किती मिलिमीटरची, हे कोण विचारणार? 1878 च्या ब्रिटिश शस्त्र कायद्यानं सामान्य भारतीयाच्या हातून बंदूक काढून घेतली आणि 1959 च्या आपल्या कायद्यातही परवाना ही दुर्मीळच गोष्ट राहिली. मराठी वाचकाला पिस्तूल भेटलं ते शब्द म्हणून. पण फ्लेमिंगचे वाचक तरी कुठे कमरेला पिस्तूल लावून फिरत होते? ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय पिस्तूल ठेवता येत नव्हतं. 1953 साली तर तिथे मांससुद्धा रेशनवर मिळत होतं. त्या वाचकाला फ्लेमिंग नावानिशी वस्तू देत होता: अमुक सिगरेट, तमुक गाडी, अमुक पिस्तूल. जे परवडत नाही त्याची यादी वाचण्यातही एक सुख असतं. ऑनलाइन कार्टमध्ये वस्तू भरून ठेवणाऱ्या आपल्या पिढीला ते समजावून सांगायची गरज नाही.

मग 1956 च्या मे महिन्यात फ्लेमिंगला ग्लासगोहून एक पत्र आलं. लिहिणारा जेफ्री बूथरॉइड, बंदुकांचा हौशी जाणकार. त्याचं म्हणणं असं की बाँड बाकी ठीक आहे, पण हत्यारांची निवड भयंकर. .25 चं बेरेटा म्हणजे बायकांचं पिस्तूल. सांगाडा केलेली मूठ मऊ कातड्याच्या होल्स्टरमध्ये अडकणार. त्यापेक्षा घोडा बाहेर न येणारं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर द्या, ते कपड्यात गुंतत नाही. आलेल्या पत्रातल्या चुका मान्य करणारे लेखक कमी, आणि त्यातून पात्र घडवणारे त्याहून कमी. फ्लेमिंगनं दोन्ही केलं. 1958 च्या 'डॉ. नो'मध्ये मेजर बूथरॉइड नावाचा शस्त्रतज्ज्ञ येतो, बेरेटाला नावं ठेवतो आणि बाँडच्या हाती वाल्थर पीपीके देतो. पिस्तूल बदललं तरी होल्स्टरची गफलत राहिलीच. बूथरॉइडनं सुचवलेलं बर्न्स-मार्टिन होल्स्टर मुळात रिव्हॉल्व्हरसाठी होतं, फ्लेमिंगनं त्यात पीपीके बसवून टाकलं.

'बायकांचं पिस्तूल' हा शेरा मी दर वेळी थांबून वाचते. आधीच्या 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या शेवटी बाँडला लोळवलं कोणी? विणकाम करत बसलेल्या एका म्हातारीनं, बुटातून बाहेर येणाऱ्या विषारी पात्यानं. पण बाईकडून हरलेल्या माणसाच्या चौकशीत दोषी ठरतं ते पिस्तूल, आणि त्याच्यावरचा आरोप काय, तर ते बायकी आहे. हत्यारांच्या तांत्रिक भाषेत पौरुषाचा हिशेब असा सहज मिसळून जातो. 'ताकद कमी' हे वाक्य गोळीबद्दल आहे की माणसाबद्दल, हे कळेनासं होतं.

ह्याच प्रकरणात फ्लेमिंगनं माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला पिस्तुलाचा परिच्छेद लिहिला आहे. बेरेटा टेबलावर ठेवताना बाँडला त्याच्याबरोबरची पंधरा वर्षं आठवतात आणि लेखक त्याला सरळ संसार म्हणतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या हॉटेलच्या खोल्या. सुटे भाग काढून तेल देणं, मॅगझीनमध्ये एकेक गोळी बसवणं, स्लाइड ओढून काडतुसं पलंगपोसावर पाडून बघणं. शेवटी कोरड्या फडक्याचा एक हात. मग आरशासमोर क्षणभर उभं राहणं: कोटावर फुगवटा दिसत नाही ना? आणि दाराबाहेर.

इथे ब्रँडचा डौल नाही. हे सगळं तो एकटा माणूस अनोळखी खोलीत भीती आवरण्यासाठी करतो आहे. ज्याच्या आयुष्यात पंधरा वर्षं टिकलेलं दुसरं कोणी नाही, त्याचा संसार एका कुरूप लोखंडाच्या तुकड्याशी झाला आहे. तेल देण्याचा तपशील इथे बाँडबद्दल जे सांगतो ते दुसरं कुठलंच वाक्य सांगत नाही. ही पहिल्या जातीची नोंद.

दुसऱ्या जातीची नोंद 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या मुखपृष्ठावर आहे. रिचर्ड चॉपिंगनं काढलेलं ते प्रसिद्ध चित्र: एक गुलाब आणि एक रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हर खुद्द बूथरॉइडचं, .38 चं, चापाभोवतीचं कडं थोडं कापलेलं. कडं कापलं की बोट झटकन चापावर जातं. पण कपड्याची घडीही जाऊ शकते, कारण कडं असतं तेच चाप आपोआप ओढला जाऊ नये म्हणून. लपवण्यासाठी आणि चटकन काढण्यासाठी जे जे कापावं, घासावं, हलकं करावं, ते ते सुरक्षिततेतून वजा होतं. चित्रात हा हिशेब दिसत नाही, दिसते ती पाकळी आणि पोलादाची चकाकी. हे रिव्हॉल्व्हर चित्रकाराकडे होतं त्याच सुमारास ग्लासगोत एका घरात तिघींचे खून झाले, .38 च्याच हत्यारानं. पोलिसांच्या चौकशीची झळ बूथरॉइडलाही लागली. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा खुनांशी संबंध नव्हता. तरी ही दोन दृश्यं मला एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

आणि बाँडला मिळालेलं ते भरवशाचं पीपीके? 20 मार्च 1974 ला लंडनमध्ये 'द मॉल' रस्त्यावर राजकन्या अ‍ॅनला पळवण्याचा प्रयत्न झाला. तिचा अंगरक्षक जेम्स बीटनच्या हातात वाल्थर पीपीकेच होतं. त्यानं एक गोळी झाडली आणि पिस्तूल अडकलं. त्याला तीन गोळ्या लागल्या तरी तो तिच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये उभा राहिला. तो वाचला, त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला आणि त्या कामातून पीपीके मागे घेतलं गेलं. रोज बाळगायच्या छोट्या पिस्तुलांबद्दल माहीतगार माणसं जे सांगतात ते फार रुक्ष असतं. आखूड मुठीवर पंजा पुरता मावत नाही. आखूड नळीवर माशी आणि खाच जवळजवळ येतात, म्हणून नेमातली बारीक चूक मोठी होते. दिवसभर अंगाला चिकटलेल्या हत्याराला घाम लागतो, कपड्याचा कीस आत जातो, तेल सुकतं, मॅगझीनची स्प्रिंग थकते. म्हणून ते पुन्हा पुन्हा उघडायचं, पुसायचं, तपासायचं. ह्या कामात दिमाख काहीच नाही. त्या संध्याकाळी लोखंड थांबलं, माणूस थांबला नाही. पिस्तुलांच्या कौतुकात बीटन क्वचितच भेटतो, कारण त्याच्या धैर्याला मॉडेल नंबर नाही.

आता सिनेमा. 1962 च्या 'डॉ. नो'मध्ये तो पिस्तूल बदलण्याचा प्रसंग आहे. बाँड नाखुशीनं आपलं बेरेटा देतो आणि शस्त्रतज्ज्ञ ते हलकं, बाईच्या पर्सला शोभणारं म्हणून हिणवतो. पडद्यावरचं ते पिस्तूल कादंबरीतलं .25 नाही, ते बेरेटाचं 1934 चं मॉडेल आहे. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत, बिर्ला हाउसच्या आवारात, पुण्याच्या नथुराम गोडसेनं गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या, त्या ह्याच मॉडेलच्या पिस्तुलातून. चौदा वर्षांनी पडद्यावर त्याची थट्टा होते आणि प्रेक्षक हसतो. त्या दृश्याच्या लेखकांना हे आठवायचं कारण नव्हतं. मला मात्र ते दृश्य आता हलकंफुलकं दिसूच शकत नाही. 'ताकद कमी' ही भाषा कुणाच्या बाजूनं बोलते हे तिथे उघडं पडतं. ती कायम मुठीच्या बाजूला उभी असते. नळीच्या समोर उभं राहून कोणत्याही पिस्तुलाला हलकं म्हणता येत नाही.

म्हणूनच फ्लेमिंगला मी नुसता वस्तूंचा यादीकार म्हणून निकालात काढत नाही. 1962 मध्येच त्याची 'द लिव्हिंग डेलाइट्स' ही बर्लिनची कथा प्रसिद्ध झाली. इथे पिस्तूल नाही, दुर्बीण लावलेली रायफल आहे आणि तिचे तपशील नेहमीसारखेच भरगच्च. सीमा ओलांडून येणाऱ्या आपल्या माणसाला वाचवण्यासाठी समोरच्या खिडकीतल्या नेमबाजाला मारायचं आहे. तीन संध्याकाळी बाँड वाट बघतो. अखेर दुर्बिणीत जी दिसते ती एक मुलगी असते, वाद्यवृंदात चेलो वाजवणारी, जिला त्यानं रस्त्यावर येता-जाता पाहिलेलं असतं. तो ऐन वेळी नेम किंचित सरकवतो. ती जगते. सोबतचा अधिकारी तक्रार करणार म्हणतो आणि बाँडला त्याची फिकीर नसते.

कित्येक पानं रायफलीचं वर्णन करणाऱ्या लेखकानं इथे दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला एक ओळखीचा चेहरा ठेवला. त्याबरोबर सगळं तंत्रज्ञान बिनकामाचं झालं आणि बाँड पहिल्यांदा मला माणूस वाटला.