मालेगावचा सुपरमॅन आणि समीक्षकांची नजर

अतिमानवी नायकाची जन्मकथा हा आता चित्रपटाचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये चित्रकथेतून आणलेला सुपरमॅन रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या चित्रपटात सविस्तर जन्मकथेसह पडद्यावर आला. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून आलेले मूल, शेतकरी दांपत्याने केलेला त्याचा सांभाळ आणि पुढे त्याला झालेली स्वतःच्या सामर्थ्याची ओळख, असा हा साचा आहे. हा नायक मालेगावात, यंत्रमागांच्या शहरात, पोहोचला तेव्हा समीक्षकांनी त्यात काय पाहिले, याचा विचार येथे केला आहे.

मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. नायक होते शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे आणि अंगाने किरकोळ. या चित्रपटाच्या निर्मितीची धडपड फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात टिपली. २०११ मध्ये शफीक यांचे कर्करोगाने निधन झाले आणि २०१२ मध्ये माहितीपट चित्रपटगृहांत आला. याच मंडळींच्या जीवनावरचा, रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. तो एका अर्थाने सुपरमॅनची नव्हे, तर सुपरमॅन घडवणाऱ्यांची जन्मकथा आहे.

या दोन्ही कृतींचे समीक्षकांनी मनापासून स्वागत केले. जिद्द, मैत्री, तुटपुंजी साधने आणि सिनेमाचे वेड हे त्या स्वागताचे मुख्य शब्द. कागती यांच्या चित्रपटाचा उत्तरार्ध काहींना भावुक वाटला, अभिनयाची मात्र प्रशंसा झाली. या साऱ्यात मूळ ‘मालेगाव का सुपरमॅन’ मागेच राहिला. बाहेरच्या बहुतेक रसिकांपर्यंत पोहोचला तो माहितीपट. त्यामुळे कौतुक झाले ते चित्रपट करणाऱ्यांचे. चित्रपटाची समीक्षा झालीच नाही, असे म्हणावे लागेल.

वास्तविक ही कृती विडंबनाच्या परंपरेत बसते. मराठीत केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ किंवा उर्दूत कन्हैयालाल कपूर यांचे लेखन वाचताना लेखकाजवळ साधने किती होती, हे कोणी विचारत नाही. मूळ कृतीची जाण किती खोल आहे आणि तिचा कोणता दंभ उघडा पडला, हे पाहिले जाते. मालेगावच्या सुपरमॅनलाही हीच कसोटी लावली पाहिजे. डॉनर यांच्या नायकाचे बळ परग्रहावरून येते. मालेगावच्या नायकाजवळ पोशाख आहे, पण तसे शरीर नाही. या विसंगतीतून हसू उमटते आणि जग वाचवणारा नायक नेहमी धिप्पाड आणि अमेरिकनच का, हा प्रश्नही उभा राहतो.

साधनांची उणीव समीक्षेने डोळ्याआड करावी, असा याचा अर्थ नाही. येथे उणीव हाच विनोदाचा भाग आहे, कारण उड्डाण हुबेहूब साधले असते तर विडंबन उरले नसते, नक्कल झाली असती. मात्र ‘इतक्या कमी पैशांत एवढे केले’ या वाक्यावर समीक्षा थांबली, तर विनोद कुठे साधला, कुठे फसला, बोली कशी वापरली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दयेने पाहिलेल्या कृतीला दोष दाखवण्याइतकाही मान मिळत नाही.

अध्यापकांसाठी हा मुद्दा केवळ सिनेमापुरता नाही. परसवाड्यासारख्या तहसीलच्या गावचा विद्यार्थी आपल्या बोलीत एखादे प्रहसन लिहून आणतो, तेव्हा त्याच्या परिस्थितीकडे पाहून पाठ थोपटणे सोपे असते. त्याचे लेखन ओळीओळीने वाचून, जमलेले आणि फसलेले दोन्ही त्याला सांगणे अधिक कष्टाचे आहे. त्याचा खरा आदर त्या कष्टातच आहे.