कंसातील ‘बेरार’ : एका संयुक्त रेजिमेंटच्या इतिहासलेखनाविषयी

भारतीय पायदळातील कुमाऊँ रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीच्या नावापुढे कंसात ‘बेरार’ असा शब्द लिहिण्याचा प्रघात आहे. रेजिमेंटचे केंद्र राणीखेतला. शिपाई बहुतांशी कुमाऊँनी आणि अहीर. मग आपल्या वऱ्हाडाचे नाव तेथे कशासाठी, हा प्रश्न बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील अभ्यासकाला तरी पडावयास हवा.

एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब सलाबतखान याच्या पलटणी व हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेली ब्रिगेड यांतून निजामाची कंटिंजंट फौज सिद्ध झाली. तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आले. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन होऊन तिच्या पायदळ पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. त्यांतील ९६ वी ती ‘बेरार इन्फन्ट्री’. १९२२ च्या पुनर्रचनेत १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ मध्ये तिचे नामांतर ‘कुमाऊँ’ असे झाले.

पलटणींचे इतिहास लिहिणारे या साखळीला ‘अखंड परंपरा’ म्हणतात. हा शब्द तपासून घेणे अगत्याचे आहे. धनी बदलला, भरतीचा प्रदेश बदलला, नावही बदलले. टिकले ते क्रमांकांचे अनुसंधान आणि चिन्हे. बोधचिन्हातील सिंह रसेल घराण्याच्या मुद्रेवरून आलेला आहे. फौज उभारणाऱ्याची खूण अशी ध्वजावर चढली; ती पोसणाऱ्याची मात्र कोठेच उमटली नाही. १९४७ मध्ये बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. अशा पराक्रमाचे मोल वंशावळीच्या जुनेपणावर अवलंबून नाही. म्हणूनच वंशावळीची चिकित्सा केल्याने त्याला उणेपणा येत नाही.

उलट बाजूचा दोषही तितकाच मोठा आहे. कंटिंजंटमध्ये उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा भरणा असल्यामुळे वऱ्हाडचा इतिहास सांगणारे तिला परकी फौज समजून बाजूला सारतात. परंतु चिखली, मेहकर, मलकापूर येथील कुणब्याने भरलेला सारा हाच या फौजेचा आधार होता. १८५८ मध्ये झांशीच्या मोहिमेत कंटिंजंट इंग्रजांच्या बाजूने लढली, हे ध्यानी घेतले म्हणजे या संबंधातील विपर्यास स्पष्ट होतो. ज्याचा पैसा, त्याला त्याच्या विनियोगाविषयी एक शब्दही बोलता येत नव्हता.

भाषेच्या दृष्टीने पाहता, आपण म्हणतो ‘वऱ्हाड’. ‘बेरार’ हे दफ्तरातले रूप. कंसात दफ्तराचे रूप राहिले, लोकांचे नाही. पुणेकर आडनावाचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या अन्यत्र राहिले तरी आडनाव सुटत नाही. तसाच अर्थ निघून गेलेला हा शब्द नावाला चिकटून राहिला आहे. असे शब्द निरर्थक नसतात. ते पुराव्यासारखे वाचावे लागतात.

तात्पर्य, संयुक्त रेजिमेंटचा इतिहास केवळ रणांगणांच्या यादीतून लिहिता येणार नाही. त्याला साऱ्याच्या दफ्तराची जोड हवी. वऱ्हाडच्या इतिहासकारानेही ‘फौज आमची नव्हती’ एवढ्यावर न थांबता, ती आमच्या खर्चाने होती, येथून आरंभ करावा.